रॅम भरली, डिस्क भरली, घड्याळ साडेपाच तास मागे: वाचकांचे संगणक-प्रश्न

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न आकड्यांचे आहेत. पडद्यावर दिसणारा आकडा सहसा खोटा नसतो, पण तो नेमका कशाचा आहे हे तिथे लिहिलेले नसते. म्हणून उत्तरांत ऑपरेटिंग सिस्टिम तो आकडा कुठून आणते, तेही सांगितले आहे. लिनक्सच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न: शाळेच्या संगणक कक्षातले दहा जुने संगणक आम्ही लिनक्सवर आणले. प्रत्येकात ८ जीबी रॅम आहे. सकाळी ५ जीबीच्या वर मोकळी दिसते, दुपारपर्यंत ३००-४०० एमबी उरते. मुले सगळे बंद करून गेली तरी आकडा वर येत नाही. मेमरी गळते आहे का? रॅम वाढवायची तर समितीपुढे कारण मांडावे लागेल.
संगणक शिक्षक, औसा

उत्तर: रकाना चुकतो आहे, सर. टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ ही आज्ञा दिली की टोटल, यूज्ड, फ्री, शेअर्ड, बफ/कॅश आणि अव्हेलेबल असे सहा रकाने येतात. ‘फ्री’ म्हणजे या क्षणी कुणीच कशासाठीही वापरत नसलेली मेमरी. तुम्हाला हवा आहे तो शेवटचा, ‘अव्हेलेबल’चा आकडा. तुमच्या संगणकांवर दुपारीही तो चार-पाच जीबीच्या आसपास असेल, तर बिघाड काहीच नाही.

मधली मेमरी गेली कुठे? डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, रॅममध्ये ठेवून देतो. एका मुलाने लिबरऑफिस उघडून बंद केले, तरी त्याच्या फाइलींची पाने रॅममध्येच राहतात आणि पुढच्या तासाला तेच लिबरऑफिस झटकन उघडते. रिकामी रॅम काही व्याज देत नाही, मग ती वापरलेली काय वाईट? या साठ्याला पेज कॅश म्हणतात. नव्या प्रोग्रामने जागा मागितली की यातली ‘स्वच्छ’ पाने, म्हणजे ज्यांची तंतोतंत प्रत डिस्कवर आहेच अशी, तिथल्या तिथे सोडून दिली जातात. बदललेली पण डिस्कवर अजून न लिहिलेली पाने आधी लिहावी लागतात. हा हिशेब चार-चार केबीच्या पानांत चालतो. ८ जीबी म्हणजे २०,९७,१५२ पाने, आणि त्यातले कुठले कुणाकडे आहे याची नोंद कर्नल ठेवतो.

समितीपुढे न्यायचा पुरावा वेगळा आहे. वर्ग भरलेला असताना ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. दर सेकंदाला एक ओळ येईल. पहिली ओळ सोडून द्या, ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने बघा. डिस्कवरच्या स्वॅपमधून, म्हणजे रॅममध्ये न मावणारी पाने ठेवायच्या जागेतून, रॅममध्ये किती आले आणि रॅममधून तिकडे किती गेले, ते यात दिसते. मधूनच एखादा आकडा उमटला तर दुर्लक्ष करा. दोन्ही रकाने मिनिटामिनिटाला मोठ्या आकड्यांनी भरलेले राहिले, तर रॅम खरोखर अपुरी आहे.

अशा वेळी संगणक जड होत नाही, लोळण घेतो. कारण वेगातला फरक आहे. रॅममधली नोंद मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवर १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. एक पान बाहेर टाकावे तर पुढच्याच क्षणी तेच हवे असते, ते आणायला दुसरे टाकावे तर तेही लगेच हवे असते. याला थ्रॅशिंग म्हणतात. गंमत अशी की तेव्हा प्रोसेसरचा वापर उलट घसरलेला दिसतो, कारण सगळे प्रोग्राम डिस्कची वाट बघत बसलेले असतात.

गळतीची शंका असेलच, तर ‘टॉप’ चालवून मोठा ‘एम’ दाबा. प्रोग्राम मेमरीच्या क्रमाने लागतील. एखाद्याचा ‘आरईएस’ रकाना, म्हणजे त्याने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम, तासन्‌तास वाढतच असेल आणि काम संपल्यावरही खाली येत नसेल, तर गळती त्या प्रोग्रामची आहे. रॅम वाढवून ती थांबत नाही, फक्त थोडी उशिरा जाणवते.

आमचे मत विचाराल तर जुन्या संगणकांत अजून फिरती डिस्क असेल, तर पहिला पैसा एसएसडीवर घाला. आणि रॅम ‘साफ’ करून देणारी उपयोजने टाकू नका. ती कॅश फेकून देतात, मोकळा आकडा फुगलेला दिसतो आणि पुढची फाइल पुन्हा डिस्कवरून आणावी लागते.

प्रश्न: टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नावाचा प्रोग्राम ९७ टक्के प्रोसेसर खातो. एंड टास्क केले तर होत नाही. व्हायरस आहे का?
ई-सेवा केंद्र चालक, कणकवली

उत्तर: तो खात नाही, उरलेले मोजतो. प्रोसेसरला कुठलेच काम नसते तेव्हाही वेळेचा हिशेब कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो, म्हणून विंडोजने शून्य क्रमांकाची ही प्रोसेस ठेवली आहे. तिच्या आत प्रत्येक तार्किक प्रोसेसरसाठी (विंडोजला स्वतंत्र म्हणून दिसणाऱ्या प्रोसेसरसाठी) एकेक थ्रेड, म्हणजे कामाचा एक प्रवाह, असतो, आणि त्याचे काम प्रोसेसरला विश्रांतीच्या अवस्थेत पाठवणे, एवढेच. ९७ टक्के आयडल म्हणजे ३ टक्के काम. काळजी करायची ती हा आकडा शून्याकडे गेल्यावर.

त्याच यादीत एक कामाची खूण मिळते. तुमच्या संगणकात ८ तार्किक प्रोसेसर असतील आणि ‘डिटेल्स’च्या यादीत एखादा अडकलेला प्रोग्राम १२-१३ टक्क्यांवर ठाण मांडून बसला असेल, तर १०० भागिले ८ करून पाहा. त्याचा एक थ्रेड एकाच चक्रात फिरत राहून एक अख्खा प्रोसेसर गिळतो आहे. चार असतील तर हीच खूण २५ टक्क्यांवर दिसते. लिनक्सच्या ‘टॉप’मध्ये मात्र एक प्रोसेसर म्हणजे १०० टक्के धरतात. तिथे ३४० टक्के दिसले तर घाबरू नका.

प्रश्न: दोन अडचणी आहेत. एक, प्रिंटर अडकला की शटडाउन करून पुन्हा चालू केले तरी अडकलेलाच राहतो, पण रीस्टार्ट केले की सुटतो. दोन्ही एकच ना? दुसरी, याच लॅपटॉपवर उबुंटूही आहे. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते.
अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर: एकच नाहीत, आणि नावांमुळे गोंधळ होणारच. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असताना शटडाउन म्हटले की तुमचे प्रोग्राम आणि तुमचे लॉगिन खरोखर बंद होते, पण कर्नल आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) यांची रॅममधली अवस्था जशीच्या तशी ‘हायबरफिल’ नावाच्या फाइलीत लिहून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी तीच अवस्था उचलून रॅममध्ये टाकतात. संगणक लवकर सुरू होतो, पण काल गोंधळलेला प्रिंटरचा ड्रायव्हर आज त्याच गोंधळात जागा होतो. रीस्टार्टमध्ये ही सवलत नसते, कर्नल नव्याने चढतो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद केलेल्या संगणकावर तिथे बारा-पंधरा दिवस दिसले, तर कारण हेच.

तेवढ्यापुरते पूर्ण बंद करायचे असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक करा. कायमचे करायचे तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, ‘पॉवर बटणांनी काय करावे’ या दुव्यावर जा, वरची ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ ही ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

तुमच्याकडे उबुंटू आहे, म्हणून तुम्ही ती काढाच. विंडोज असे अर्धवट झोपलेले असताना त्याची ड्राइव्ह त्याच्या लेखी अजून उघडीच असते. त्याच वेळी उबुंटूने तिथे काही लिहिले, तर जागे झालेले विंडोज आपल्या जुन्या नोंदी खऱ्या मानून चालते आणि फाइलींचा चुथडा होतो. म्हणून लिनक्स अशी ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरती जोडते किंवा जोडायलाच नकार देते. जबरदस्तीने जोडण्याचे उपाय सापडतील, त्यांच्या नादी लागू नका.

आता घड्याळ. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते, आणि त्याला वेळक्षेत्र कळत नाही. तिथली वेळ स्थानिक आहे असे विंडोज समजते, जागतिक प्रमाणवेळ आहे असे लिनक्स समजते. लिनक्सने दुपारचे तीन वाजता तिथे साडेनऊ लिहिले, विंडोजने ते तसेच वाचले. उलट विंडोजने वेळ दुरुस्त केली की उबुंटू साडेपाच तास पुढे पळते. उपाय म्हणून उबुंटूमध्ये प्रशासकाच्या हक्काने ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा द्या. तिथे एक इशारा येईल, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ढकलणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही. परदेशातल्या वाचकांनी मात्र उलटे करावे: लिनक्सला हात लावू नये, विंडोजलाच जागतिक वेळ वापरायला लावावे.

प्रश्न: सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली. ४० जीबीची लॉग फाइल पुसली, तरी ‘डीएफ’ १०० टक्केच दाखवते. ‘डीयू’ने फोल्डर मोजले तर बेरीज ४० जीबीने कमी येते. दोघांपैकी खरे कोण?
सहकारी पतसंस्थेतील तंत्रज्ञ, सांगली

उत्तर: दोघेही. ‘डीयू’ नावे बघत बघत फोल्डर चालत जाते, ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टिमला किती खाने वाटलेले आहेत ते विचारते. तुम्ही पुसले ते नाव.

लिनक्स ज्यातले आहे त्या युनिक्स घराण्यात फाइल आणि तिचे नाव या वेगळ्या वस्तू आहेत. खरी फाइल म्हणजे आयनोड: मालक, परवानग्या, आकार आणि डेटा कुठल्या खान्यांत आहे त्याची यादी. फोल्डरमध्ये फक्त नाव आणि आयनोडचा क्रमांक असतो. ‘आरएम’ ही ओळ खोडते. आयनोडकडे बोट दाखवणारे एकही नाव उरले नाही आणि कुठल्याही प्रोसेसने ती फाइल उघडी धरलेली नाही, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच जागा सुटते. तुमची सेवा अजून त्या निनावी फाइलीत लिहितेच आहे.

शोधण्यासाठी ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ जोडा, यातला एल मोठा. नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली, त्यांचा आकार आणि धरून बसलेल्या प्रोसेसचा क्रमांक मिळेल. ती सेवा रीस्टार्ट केली की ४० जीबी त्याच क्षणी परत येतात. दिवसा सेवा थांबवता येत नसेल, तर ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘एफडी’ फोल्डर असते. तिथल्या संबंधित क्रमांकाची फाइल ‘ट्रंकेट -एस ०’ने शून्यावर आणता येते. पुढच्या वेळी चालू लॉग पुसू नका, जागच्या जागी रिकामा करा. कायमचा उपाय ‘लॉगरोटेट’, म्हणजे जुना लॉग ठरावीक काळाने बाजूला करून नवा सुरू करणारा प्रोग्राम. त्यात फाइल बदलल्यावर सेवेला तसे कळवण्याची ओळ असली पाहिजे, नाहीतर ती जुन्याच फाइलीत लिहीत राहते आणि हेच पुन्हा घडते.

आणखी दोन जागी असाच चकवा होतो. ‘डीएफ’ जागा दाखवते, तरी नवी फाइल होत नाही आणि डिस्कवर जागा नाही असा निरोप येतो. तेव्हा ‘डीएफ -आय’ बघा. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना साधारण दर १६ केबीमागे एक आयनोड राखून ठेवते, म्हणजे १०० जीबीला सुमारे ६५ लाख. लाखो बारीक सेशन फाइली साठल्या की जागा उरते आणि आयनोड संपतात. ही संख्या नंतर सहजी वाढवता येत नाही, फाइली काढाव्याच लागतात. दुसरा चकवा, ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकाच्या खात्यासाठी, बाजूला ठेवते. मूळ विभाजनासाठी ते योग्यच आहे, कारण डिस्क भरली तरी प्रशासकाला आत येऊन आवरता येते. पण १ टीबीच्या निव्वळ साठवणुकीच्या डिस्कवर ५० जीबी अडकवायचे कारण नाही. ‘ट्यून२एफएस -एम १’ने ते एक टक्क्यावर आणा. इथला ‘एम’ लहानच.

प्रश्न: प्रोग्राम, प्रोसेस आणि थ्रेड यांतला फरक परीक्षेत नेमका कसा लिहावा? आणि एफसीएफएस, एसजेएफ, राउंड रॉबिन यांची गणिते आम्ही सोडवतो, त्यांपैकी खरा संगणक काय वापरतो?
बी.एस्सी. द्वितीय वर्ष, कराड

उत्तर: प्रोग्राम ही डिस्कवर पडून असलेली फाइल. ती चालायला लागली की प्रोसेस. प्रोसेसला स्वतःची मेमरी, उघड्या फाइलींची यादी आणि क्रमांक असतो. नोटपॅड दोनदा उघडले तर प्रोग्राम एक, प्रोसेस दोन. थ्रेड म्हणजे प्रोसेसच्या आतला काम करणारा एक प्रवाह. त्याचा स्टॅक आणि रजिस्टरे स्वतःची, बाकी सगळी मेमरी भावंडांत सामाईक. ‘म्हणून काय?’ हेही एका ओळीत लिहा, तिथे गुण असतात: सामाईक मेमरीमुळे थ्रेडांना एकमेकांशी बोलणे स्वस्त पडते, पण एकाने घाण केली तर अख्खी प्रोसेस कोसळते. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकले ते यासाठीच. टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या वीस ओळी दिसतात, त्याही त्यामुळेच.

आता गणित. अ, ब, क ही कामे शून्य वेळेला एकदम आली, त्यांना १०, २ आणि ४ मिलिसेकंद लागतात असे धरा. आला त्या क्रमाने, म्हणजे एफसीएफएसने घेतले तर थांबण्याची वेळ ०, १० आणि १२, सरासरी ७.३३. सर्वांत छोटे आधी, म्हणजे एसजेएफने ब, क, अ असा क्रम लागतो, थांबणे ०, २ आणि ६, सरासरी २.६७. सातबाऱ्याच्या रांगेत दहा गटांचे उतारे मागणारा पुढे असला की मागच्यांचे काय होते, तेच पहिल्या पद्धतीत होते.

दोन मिलिसेकंदांच्या पाळीने राउंड रॉबिन केले तर अ ०-२, ब २-४, क ४-६, अ ६-८, क ८-१० आणि मग अ १०-१६. थांबणे अ ६, ब २, क ६, सरासरी ४.६७. नेहमीची चूक इथे होते: ‘अ’ शून्याला सुरू झाला म्हणून त्याचे थांबणे शून्य लिहितात. संपण्याच्या वेळेतून येण्याची वेळ आणि लागणारा वेळ वजा करा, चुकणार नाही. राउंड रॉबिनची सरासरी एसजेएफपेक्षा वाईट आली, मग ती वापरायची कशाला? पहिला प्रतिसाद मोजून बघा: ०, २, ४, सरासरी २. की दाबल्यावर अक्षर उमटायला हवे असते, तिथे हीच मोजणी कामाची.

पाळी किती ठेवावी, यात खरी मेख आहे. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना रजिस्टरे जपून ठेवावी लागतात, नवी लादावी लागतात. या बदलाला ०.१ मिलिसेकंद धरा. २ ची पाळी असेल तर सुमारे ५ टक्के वेळ बदलाबदलीत जातो, ०.२ ची केली तर एक तृतीयांश. आणि पाळी १० च्या वर नेली, तर या उदाहरणात राउंड रॉबिनचे एफसीएफएस होते.

खरा संगणक एसजेएफ वापरू शकत नाही, कारण काम किती वेळ चालेल हे त्याला आधी कळत नाही. गणितात तो आकडा आयता दिलेला असतो. विंडोजमध्ये ० ते ३१ असे अग्रक्रम आहेत. वरच्या पायरीवरचा तयार थ्रेड आधी घेतात आणि एकाच पायरीवरच्यांना आळीपाळीने. लिनक्समध्ये २००७ पासून सीएफएस ही वाटा मोजणारी पद्धत होती. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीपासून तिची जागा ईईव्हीडीएफ या पद्धतीने घेतली. वाटा न्याय्य ठेवण्याचे तत्त्व कायम आहे, त्याच्या जोडीला कुणाची मुदत आधी संपते हेही पाहतात.

प्रश्न: ब्राउझर कोसळला तर तेवढाच जातो. वाय-फायचा ड्रायव्हर अद्ययावत केल्यापासून मात्र अख्खा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडतो. एवढ्याशा ड्रायव्हरला एवढी मुभा का?
वाचक, इंदूर

उत्तर: कारण तो कर्नलच्या घरातच राहतो. प्रोसेसरमध्येच दोन दर्जे आहेत. ब्राउझर खालच्या दर्जात चालतो. त्याने दुसऱ्याच्या मेमरीला हात लावला की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो आणि कर्नल त्या प्रोसेसचा निकाल लावतो. ड्रायव्हर वरच्या दर्जात चालतो. त्याची चूक पकडायला वर कुणी उरत नाही. एक पत्ता चुकला म्हणजे आणखी काय काय बिघडले असेल सांगता येत नाही, म्हणून चुकीचे काही डिस्कवर लिहिले जाण्यापेक्षा विंडोज सगळे थांबवते. निळा पडदा हा आजार नव्हे.

१९ जुलै २०२४ ला हे जगभर दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने नवी माहिती-फाइल वाचली. त्या फाइलीला एकवीस घटक अपेक्षित होते, पुरवले जात होते वीस. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर हद्दीबाहेर पडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले. तो ड्रायव्हर सुरुवातीलाच चढणारा असल्याने संगणक चालू होता होताच पुन्हा पडत होते, आणि बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी बसून ती फाइल काढावी लागली.

तुमचा प्रकार सोपा आहे. निळ्या पडद्यावरचा थांबण्याचा कोड आणि दिसत असेल तर ड्रायव्हरच्या फाइलीचे नाव यांचा फोटो काढून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्ड, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. तिथवर पोचताच येत नसेल तर सेफ मोडमध्ये जा, तिथे बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर चढत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, वाटेत विचारली जाते.

प्रश्न: लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ ६४ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर जात नाही. शिवाय ड्राइव्ह ५९.६ जीबीच दिसते. फसवणूक झाली का?
छायाचित्रकार, बारामती

उत्तर: नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. ६४ अब्ज बाइटचे ५९.६ होतात. व्हिडिओ जात नाही, कारण ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये आहे. तिच्यात फाइलीचा आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे एका फाइलीची कमाल ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा, आतले सगळे पुसले जाईल हे लक्षात ठेवून. जुन्या टीव्हीला एक्सएफएटी वाचता येते का, हे ग्राहकाला द्यायच्या आधी बघा.

एक सांगून ठेवतो: लिनक्सवर कॉपी ‘झाली’ दिसली तरी डेटा रॅममध्येच असू शकतो आणि ड्राइव्हवर तो नंतर सावकाश उतरतो. ‘इजेक्ट’ म्हणा, संदेश येईपर्यंत थांबा, मग काढा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी ही लांबणीवरची लिखाई मूळ सेटिंगमध्ये बंद आहे. तिथे धोका कमी आहे, पण ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असताना ओढणे तिथेही नको.

प्रश्न: कार्यालयातल्या मराठी नावांच्या फाइली विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर नेताना काही अडतात, नाव फार लांब आहे असे येते. विंडोजवर तर चालतात. आणि एका फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ याच नावाच्या दोन फाइली आहेत! एका जागी एका नावाची एकच फाइल असते ना?
लिपिक, पंचायत समिती, यवतमाळ जिल्हा

उत्तर: दोन्हींचे मूळ एकच आहे: नाव आपण डोळ्यांनी वाचतो, ऑपरेटिंग सिस्टिम बाइटांनी.

विंडोजची एनटीएफएस नावात २५५ एकके मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक धरते. लिनक्सची ईएक्सटी४ २५५ बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘ग्रामपंचायत’ हा सहा अक्षरांचा शब्द ११ चिन्हांचा, ३३ बाइटचा. शासन निर्णयाचा अख्खा विषय फाइलीला देण्याची पद्धत असेल, तर मर्यादा ओलांडणारच. क्रमांक आणि तारीख इंग्रजी अंकांत लिहिलीत तर प्रत्येकी एकच बाइट लागतो. मराठी शब्द सात-आठच्या पुढे नेऊ नका.

दुसऱ्या कोड्यात दोष आहे तो ‘ऱ्या’मधल्या रफाराच्या भावाचा. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह घेऊन, साध्या ‘र’ला खाली नुक्ता (टिंब) जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट तीन प्रकारचे. लिनक्स किंवा एनटीएफएस नावे जुळवताना यांची सांगड घालत नाही. तिच्या लेखी त्या वेगळ्या नावांच्या फाइली. शोधातही म्हणूनच एक सापडते आणि दुसरी नाही.

आधी दोन्ही उघडून कुठली अलीकडची ते ठरवा, सरसकट पुसू नका. कुठले नाव कुठल्या तऱ्हेचे ते लिनक्सवर ‘एलएस’चा परिणाम उभ्या रेघेने ‘ओडी -सी’कडे दिला की बाइटांवरून कळते. मग नाव पुसून नव्याने टाइप करा. पुढे कार्यालयात सगळ्यांनी एकच कळफलक ठरवून घ्यावा. इनस्क्रिप्टवर ‘ऱ’ शिफ्ट आणि जे या कळींवर आहे, त्यापुढे हलन्त आणि ‘य’.